बघण्यासारखा आहे का?

पिक्चर चांगला आहे का वाईट, असं आमच्या जुन्नर-आंबेगावकडं सहसा कुणी विचारत नाही. "बघण्यासारखा हाये का?" असं विचारतात. शिकलेल्या माणसाला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतील, पण तसं नाही. 'चांगला पिक्चर' म्हटलं की आमच्या माणसाच्या डोळ्यापुढं येतो तो बक्षीस मिळालेला, कमी बोलणारा, शेवटी कुणीतरी मेलेला पिक्चर. 'बघण्यासारखा' म्हणजे तिकिटाचे पैसे फिटले, मधे उठून बाहेर जावंसं वाटलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी कांद्याची काटणी करताना बायाबापड्यांत त्याच्यावर बोलणं झालं. दोन खण केलेत लोकांनी, आणि मधे भिंत घातली आहे. ही भिंत नुसती गावातच आहे असंही नाही. सरकारसुद्धा राष्ट्रीय पुरस्कार देताना उत्तम चित्रपटाचं बक्षीस वेगळं ठेवतं आणि निखळ मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाचं वेगळं.

ते दुसरं बक्षीस ६८ व्या वर्षाला 'तान्हाजी: द अनसंग वॉरियर' या पिक्चरला मिळालं. मला आज त्याच पिक्चरबद्दल लिहायचं आहे. कारण मारामारीचा, मजा आणणारा, पण ढिगानं चुका असलेला पिक्चर चांगला म्हणायचा का, या प्रश्नाचं उत्तर शोधायला आमच्या भागासाठी याच्याइतकं जवळचं दुसरं उदाहरण नाही. आम्ही शिवनेरीच्या पायथ्याची माणसं. गडाचं नाव निघालं की आमचे कान टवकारतात.

पिक्चर १० जानेवारी २०२० ला लागला. ओम राऊत दिग्दर्शक, अजय देवगण तान्हाजी, सैफ अली खान उदयभान, शरद केळकर शिवाजी महाराज, काजोल सावित्रीबाई. त्या वर्षी करोनानं मार्चपासून थिएटरं बंद पडली, पण त्याआधीच याचं पीक घरात आलं होतं. त्या साली हिंदीत याच्याएवढा गल्ला कुणी जमवला नाही. आमच्याकडची पोरं जीपा भरभरून बघायला गेली. परत आल्यावर दोन तट पडले. एक म्हणायचा, "लई भारी." दुसरा, म्हणजे गडावर फिरणारी, बखरी वाचणारी पोरं, म्हणायची, "इतिहासाची माती केली." दोघंही खरं बोलत होते.

आधी भारी काय ते सांगतो, कारण टीका करणारे लोक हा भाग घाईत उरकतात. मारामारीच्या पिक्चरची पहिली परीक्षा सोपी असते. कोण कुठं उभा आहे, कुणाला कुठं जायचंय आणि मधे आडवं काय आहे, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. आमच्याकडं बैलगाड्याच्या घाटात हे बरोबर जमतं. पुढं घोडी, मागं बैल, आणि दहा-बारा सेकंदांत सगळा खेळ खलास. तरी दोन्ही कडांना उभ्या असलेल्या हजारो माणसांना कुठं काय झालं ते दिसतं. कुठला बैल दबला, कुठं घोडी हुकली, हे म्हातारा माणूसही सांगतो. आता हीच बारी एखाद्यानं कॅमेऱ्यानं घेतली आणि अर्ध्या सेकंदाला खूर, अर्ध्या सेकंदाला शेपूट, अर्ध्या सेकंदाला धूळ असं दाखवलं, तर गोंधळ मोठा दिसेल पण बारी दिसणार नाही. हल्लीचे पुष्कळ मारामारीचे पिक्चर असे खूर-शेपटाचे असतात. 'तान्हाजी' तसा नाही. सुरुवातीची रानातली लढाई घ्या. झाडा-दगडांशी एकजीव झालेले मावळे, वरून येणारे दोर, खाली अडकलेला शत्रू. गनिमी कावा म्हणजे काय, हे चौथीच्या पुस्तकातल्या धड्यानं जे समजत नाही ते तिथं पाच मिनिटांत समजतं. हे सोपं काम नाही. ज्याला जमलं त्याचं नाव घेतलं पाहिजे.

दुसरं, शरद केळकर. महाराजांचं काम करणारा नट बहुतेक वेळा छाती काढून भाषण करतो. हा माणूस हळू बोलतो. त्याचा आवाज मूळचाच भरदार आहे, म्हणून त्याला ओरडावं लागत नाही. मित्राच्या घरी लग्न आहे, त्याला मोहिमेवर कसं पाठवायचं, ही अडचण त्याच्या तोंडावर दिसते. आणि सैफ. त्याचा उदयभान वेडसर, क्रूर आणि मजेशीर आहे. भाजलेली मगर खातो. मगर! पण तो पडद्यावर आला की माणूस मान वळवत नाही, हेही कबूल केलं पाहिजे.

आता चुका. सगळ्यांत मोठी म्हणजे नागीण तोफ. पिक्चरमधे उदयभान ही प्रचंड तोफ उत्तरेतून कोंढाण्यावर आणतो. कशाला, तर तिथून राजगडावर मारा करायला. सिंहगड ते राजगड सरळ रेषेत अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. त्या काळच्या मोठ्यातल्या मोठ्या तोफेनं दोन-तीन किलोमीटरवर गोळा टाकला तरी डोक्यावरून पाणी. शिवाय ती गडावर चढवायची. उसाची भरलेली गाडी चढाला अडकली म्हणजे चार बैल जास्तीचे जुंपावे लागतात, तरी धुरा मोडायची ती मोडते. ज्यानं हे पाहिलंय त्याला ती नागीण वर चढताना बघून हसू येतं. तोफेचं असं, मगरीचं तसं, आणि कपड्यांचं तर बोलायलाच नको. वाईट माणसं काळी, चांगली माणसं उजळ, म्हणजे शेवटच्या बाकावरच्या पोरालाही चूक होऊ नये. खुद्द सैफ अली खाननं नंतर एका मुलाखतीत सांगून टाकलं की हा काही इतिहास नाही.

मग निकाल लागला का? नाही. कारण 'खोटं आहे म्हणून वाईट' हा नियम लावला तर आमच्या घरातलं बरंच काही बाहेर टाकावं लागेल. तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा घ्या. त्यातल्या उदेभानाला अठरा बायका आहेत, चंद्रावळी नावाचा हत्ती आहे, आणि त्याचं एका वेळचं जेवण ऐकलं तर मगर खाणारा सैफ उपाशी वाटेल. कडा चढायला यशवंती घोरपड आहे. घोरपड आमच्याकडं बांधाला, कपारीला दिसते. तिची पकड जबर असते, बिळात शिरली तर शेपटीला धरून ओढलं तरी निघत नाही, हे खरं. पण तिच्या कमरेला दोर बांधून मर्दानं कडा चढायचा, ही शाहिराची करामत आहे. गडाचं नाव तानाजीच्या मरणावरून सिंहगड पडलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. सिंहगड हे नाव त्याआधीच्या, १६६३ च्या पत्रात सापडतं. हरि नारायण आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली, तिच्यावरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला. त्यात शेलारमामाचं काम तरुण शांतारामबापूंनी केलं होतं. म्हणजे ओम राऊतच्या आधी सुमारे शंभर वर्षं आपण ही गोष्ट पडद्यावर बघतोय, आणि तिच्यात कल्पनेचं पाणी त्याच्याही कितीतरी आधीपासून मिसळलेलं आहे.

आणि आमच्या नारायणगावाला तर खोट्याची पंढरीच म्हटलं पाहिजे. विठाबाई नारायणगावकरांचं गाव ते. पाडव्याच्या सुमारास तिथं तमाशाच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी यात्रेसाठी फड ठरवायला येतात. गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली, की रात्री उशिरा वग उभा राहतो. वगातला राजा मघाशी ढोलकीजवळ बिडी ओढत बसलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. किल्ला नाही, घोडा नाही. "हा बघा आला घोडा" म्हणून सोंगाड्या दोन उड्या मारतो आणि घोडा येतो. मी लहानपणापासून असे वग बघत आलो. त्यातल्या कशातच इतिहास खरा नव्हता, पण कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही. कारण तिथं खोटं उघड्यावर चालतं. सोंगाड्या राजाच्या तोंडावर राजाची टिंगल करतो, आणि समोर बसलेला गडी समजतो की हा खेळ आहे. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात करार असतो.

पिक्चरचा करार वेगळा. सुरुवातीला कायद्यापुरती पाटी येते आणि जाते, ती वाचायच्या आत माणूस खुर्ची शोधत असतो. मग तीन मितींचा चष्मा, बाण डोळ्यांत घुसतोय असं वाटणारी दृश्यं, आणि सगळं काही गंभीर चेहऱ्यानं. इथं सोंगाड्या नाही. माझ्या नातवानं शाळेतल्या पेपरात 'कोंढाणा का जिंकणे गरजेचे होते?' या प्रश्नाला नागीण तोफेचं उत्तर लिहिलं होतं. गुरुजींनी त्याच्यावर लाल रेघ मारली. पोरगं हिरमुसलं. "आबा, मी डोळ्यानं बघितलंय," म्हणाला. त्याला काय सांगावं हा मला प्रश्न पडला. त्याला तानाजी मालुसरे हे नाव पाठ नव्हतं ते या पिक्चरनं पाठ केलं, हेही मी बघितलं होतं. त्यानंतर त्यानं हट्टानं मला सिंहगडला न्यायला लावलं. लाल रेघेनं पोराला गडावर नेलं नसतं.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतोय, आणि माझं मत असं झालंय की खोटं किती आहे ते मोजण्यात अर्थ नाही. ते खोटं गोष्टीला काय देतं आणि तिच्यातून काय काढून घेतं, ते बघायचं.

घोरपड खोटी, पण ती कड्याची उंची वाढवते. पोवाडा ऐकणाऱ्याच्या तळहाताला घाम फुटतो. माणसाला घोरपडीचा आधार घ्यावा लागतो म्हणजे कडा किती सरळ असेल, हे शाहिरानं एका जनावरात सांगून टाकलं. याच पिक्चरमधली जिजाऊंची शपथ घ्या, की कोंढाणा परत येईपर्यंत पायात काही घालणार नाही. चैत्रात अनवाणी शेत ओलांडलेल्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. राजकारणातला किल्ला एका म्हाताऱ्या आईच्या तळपायाशी आणून ठेवला. इतिहासात असेल-नसेल, पण त्यानं काही बिघडलं नाही, उलट कमावलं.

नागीण तोफ मात्र काढून घेते. कोंढाणा परत का हवा होता? १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, त्यात कोंढाणा गेला. पुण्याच्या माथ्यावरचा किल्ला परक्याच्या हातात, हे रोज डोळ्यांनी बघायचं. बांधालगतची आपली पट्टी भावकीनं दाबली तर माणसाला झोप लागत नाही, मग हा तर किल्ला होता. एवढं कारण पुरे होतं. पण पिक्चरवाल्यांना वाटलं पुरणार नाही. म्हणून त्यांनी तोफ आणली. तोफ आल्यावर मोहीम बदलली. आता किल्ला घेणं हे मुख्य राहिलं नाही, तोफ उडायच्या आत तिला गाठणं हे मुख्य झालं. असं घड्याळाच्या काट्यावर चालणारं काम परदेशी पिक्चरमधे शंभरदा बघून झालंय. कडा मागं पडला, अंधार मागं पडला, आणि बरोबरचे शेकडो मावळे तर फारच मागं पडले.

अंधाराचं सांगतो. ती तिथी माघ वद्य नवमी, तारीख ४ फेब्रुवारी १६७०. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. ज्यांनी रात्रीचं पाणी धरलंय त्यांना हे पंचांग न बघता ठाऊक असतं, कारण त्या आठवड्यात लाईट रात्रीची असली की अर्धी रात्र बॅटरीवर काढावी लागते. म्हणजे चढणाऱ्यांना अर्धी रात्र काळोख मिळणार आणि नंतर उजेड होणार. माघातली थंडी, दगड गार पडलेला, बोटं बधिर. वर पहारेकरी, हातात दोर, आणि चंद्र उगवायच्या आत वर पोचायचं. घड्याळच पाहिजे होतं तर हे होतं की! आकाशात टांगलेलं होतं. त्यासाठी उत्तरेतून तोफ ओढून आणायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. सभासदाच्या बखरीत आहे की तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या वारानं पडले, सूर्याजीनं लोकांना सावरून गड घेतला, आणि मग गडावर पागेच्या खणांना आग लावली. तो उजेड राजगडावरून महाराजांना दिसला. त्यावरून त्यांनी जाणलं की गड फत्ते झाला. हे वाचताना अंगावर काटा येतो. ज्या पंधरा किलोमीटरवरून पिक्चरवाले तोफेचा गोळा फेकू बघतात, त्याच पंधरा किलोमीटरवरून खरोखर काहीतरी आलं होतं. उजेड आला होता. आणि त्या उजेडात आनंदाची बातमी होती, मरणाची नव्हती. मित्र गेल्याचं महाराजांना मागाहून कळलं. त्या मधल्या वेळात राजगडावर काय झालं असेल? लोकांनी साखर वाटली असेल. कोट्यवधी रुपये ओतून कॉम्प्युटरवर किल्ले उभे करणाऱ्यांना एक जळती पागा आणि लांबून तिच्याकडं बघणारा एक माणूस, एवढं दाखवायला कितीसा खर्च आला असता?

म्हणून 'इतिहास मोडला' म्हणून चिडणाऱ्या पोरांशी मी अर्धाच सहमत आहे. इतिहास मोडला याचं मला फार वाटत नाही. खरा इतिहास पिक्चर म्हणूनही जास्त चांगला होता, आणि तो यांच्या हातातून निसटला, याचं वाटतं.

तरी पण हे कशाच्या तुलनेत बोलतो, तेही बघायला पाहिजे. तंबूतल्या टॉकीजात आम्ही भालजी पेंढारकरांचा 'मराठा तितुका मेळवावा' पाहिला. १९६४ चा पिक्चर. भाषा अशी की कानाला तूप लावल्यासारखी. पण लढाई आली की तलवारी काठीसारख्या वाजायच्या आणि तेच तेच घोडे पुन्हा पुन्हा पळायचे. अलीकडं दिग्पाल लांजेकरांनी 'फर्जंद' काढला, कोंडाजी फर्जंदानं १६७३ साली साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला त्याच्यावर. माणसं आपल्यातली वाटतात, भाषा आपली आहे, पण पैशाची ओढाताण लपत नाही आणि लढाईआधीचं बोलणं संपता संपत नाही. एकाकडं जीभ आहे तर हात नाही, दुसऱ्याकडं हात आहे तर जीभ हिंदी. 'तान्हाजी'त मावळे हिंदीत बोलतात, हे मला नागिणीइतकंच खटकलं. मावळातली शिवी हिंदीत गेली की तिचा ठसकाच जातो.

आणि ज्यात चुका असूनही मला काहीच खटकत नाही असा एक पिक्चर सांगायचा तर महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला', १९९३ चा. कल्पना इंग्रजी पिक्चरवरून उचललेली, बाहुल्यात गुंडाचा जीव जातो म्हणजे सगळाच चावटपणा. पण रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि लक्ष्मीकांत बेर्ड्यांचं घाबरणं, या तीन गोष्टी इतक्या चोख आहेत की बाकीचं ढिलं असलं तरी चालतं. तो पिक्चर वगासारखा आहे. मी खेळ करतोय असं पहिल्यापासून सांगतो, आणि तेवढाच खेळ नीट करतो. तो चांगला पिक्चर आहे असं मी कुठल्याही सभेत सांगेन. तिथं ती दोन खणांमधली भिंत मला दिसतच नाही.

'तान्हाजी'ला मी तेवढा वर बसवणार नाही. पण खालीही टाकणार नाही. रानातली लढाई, महाराजांचं हळू बोलणं, जिजाऊंचे अनवाणी पाय आणि सैफचा उदयभान, एवढ्यावर तो माझ्या लेखी चांगल्यांत बसतो. अगदी काठावर बसतो, पण बसतो. तोफ नसती तर मधोमध बसला असता. हे माझं मत मी पारावर सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "आबा, तोफ नसती तर पोरं बघायला गेली असती का?" मी म्हटलं, पोरं कड्यासाठी गेली असती. रस्ता झालाय तरी पोरं मागच्या बाजूनं कातळ धरून गड चढतातच की.

आता आमच्या जुन्नरचं एक राहिलंय. १६५७ च्या एप्रिलच्या शेवटी महाराजांच्या माणसांनी रात्री जुन्नर शहराच्या तटाला दोराच्या शिड्या लावल्या, पहारे कापले, आणि तीन लाख होन आणि दोनशे घोडी घेऊन गेले. महाराज तेव्हा २७ वर्षांचे. जन्मले तो शिवनेरी वर डोक्यावर, मोगलांच्या ताब्यात, आणि तो त्यांच्या हयातीत कधीच परत आला नाही. या रात्रीवर अजून कुणी मोठा पिक्चर काढलेला माझ्या बघण्यात नाही. काढला तर त्यात तोफ घालू नका एवढंच सांगणं आहे. शिड्यांचं जमेल कुणालाही. पण झोपलेल्या शहरातून दोनशे घोडी अंधारात, अनोळखी माणसांच्या हातात बाहेर काढायची, आणि त्यातलं एकही खिंकाळू द्यायचं नाही, हे कसं केलं असेल ते घोडी सांभाळणाऱ्या माणसाला आधी विचारून घ्या. आमच्याकडं बैलगाड्यापुढं पळणारी घोडी पाळणारे पुष्कळ आहेत. ते सांगतील तसं दाखवलं तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.